नकाशा २००९चा

२०११च्या जूनमधला शनिवार. सकाळी सातला न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या घराच्या ड्राइव्ह-वेवर मी घडीची दोन टेबलं मांडली आणि गराज सेलचं सामान लावायला घेतलं. लेकाची लहानपणची सायकल, दोन कुकर, इस्त्रीचं टेबल, हिवाळी बूट. शेवटी माझ्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात चांगली वस्तू ठेवली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करनं लिहिलं: गार्मिन नुवी २५५ डब्ल्यू, थोडाच वापरलेला, ४० डॉलर.

लेक हातात टोस्ट घेऊन बाहेर आला, पुठ्ठा वाचला आणि म्हणाला, “आई, मॅप कधीचा ते लिहिलं नाहीस.”

मी खाली आणखी एक ओळ लिहिली: नकाशा २००९चा. दुपारपर्यंत तिघांनी तो जीपीएस उचलून पाहिला. त्यातल्या दोघांनी ती ओळ वाचून परत ठेवला.

तरी मी ती खोडली नाही. सायकल विकताना टायर किती झिजलेत ते सांगावं लागतं, कुकर विकताना शिट्टी धड आहे का ते. जीपीएसच्या या पेटीत झिजण्यासारखं काहीच नव्हतं. काच स्वच्छ, आवाज खणखणीत, काच पकडणारा रबरी चोखणा जागेवर, सिगारेट लायटरच्या भोकात घालायची वायरसुद्धा मूळचीच. मागच्या बाजूला एक ओरखडा होता, किल्ल्यांसोबत ग्लोव्ह बॉक्समध्ये राहिल्यामुळे पडलेला. जुना होत होता तो आतला नकाशा. पेटी कपाटात ठेवून दिली तरी तो जुना होतच राहतो.

त्या वर्षांत जुन्या जीपीएसच्या जाहिराती मी पुष्कळ वाचल्या. जवळजवळ प्रत्येकीत ‘थोडाच वापरलेला’ असं असायचं, आणि मला वाटतं ते खरंच असायचं. रोजच्या रस्त्याला जीपीएस लागतच नाही. ऑफिसला जायचा रस्ता आठ दिवसांत पाठ होतो. जीपीएस निघायचा तो शनिवार-रविवारी, लेकाची व्हॉलीबॉलची मॅच कुठल्या तरी अनोळखी शाळेत असली की, किंवा कुणाच्या मुलाची मुंज फिलाडेल्फियाच्या बाजूला असली की. वर्षाचे पंधरा-वीस दिवस.

आम्ही न्यू जर्सीत आलो १९९६ साली. पहिली गाडी घेतली त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं, “हॅगस्ट्रॉम घ्या.” हॅगस्ट्रॉम ही न्यू यॉर्कची नकाशांची जुनी कंपनी, १९१६ सालची. तिचा आमच्या मिडलसेक्स काउंटीचा ॲटलस वर्षानुवर्षं आमच्या सीटखाली होता. रस्ता पानाच्या कडेला जाऊन संपायचा, तिथं पुढच्या पानाचा नंबर असायचा. मी मांडीवर ॲटलस घेऊन बसायची आणि हे गाडी चालवायचे. नेमकं पान उलटायच्या वेळी एक्झिट यायची.

त्याहून जास्त भरवसा फोनवर होता. कुणी जेवायला बोलावलं की पत्ता सांगून झाल्यावर विचारायचं, “आता कसं यायचं ते सांगा,” आणि कागद-पेन्सिल घ्यायची. आपली माणसं रस्ता सांगायची ती खुणांनी. “२८७ सोडल्यावर दुसरा सिग्नल. उजव्या हाताला पिझ्झाचं दुकान. डावीकडे बँक दिसली तर समजायचं पुढे आलात.” ते शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटायचं. कुठं वळायचं ते कुठलाही नकाशा सांगतो, पण चुकलो हे कशावरून ओळखायचं ते सांगायला तिथं राहणारं माणूसच लागतं.

मॅपक्वेस्टची वेबसाइट आम्ही आलो त्याच वर्षी सुरू झाली होती. पुढे घरी प्रिंटर आला आणि कागदांचे गठ्ठे गाडीत साठायला लागले. त्यात एक खोच होती. जायचा कागद उलटा वाचून परत येता येत नाही, आणि न्यू जर्सीत तर नाहीच. इथं मोठ्या रस्त्यांवर पुष्कळ सिग्नलना डावीकडे सरळ वळता येत नाही. डावीकडे जायचं असलं की उजवीकडून बाहेर पडायचं, कपाच्या कानासारखा वळसा घ्यायचा आणि मग सिग्नलवरून रस्ता ओलांडायचा. त्याला जगहँडल म्हणतात. नव्या माणसाचा हात डाव्या लेनकडेच जातो. पहिल्या हिवाळ्यात रूट वनवर आम्ही एकच सिग्नल तीनदा ओलांडला होता, समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी.

लांबच्या प्रवासाला ट्रिपटिक असायचं. १९९८च्या उन्हाळ्यात सासूसासरे आले आणि नायगाऱ्याला जायचं ठरलं. आम्ही एएए या मोटारवाल्यांच्या संस्थेचे सभासद होतो. १९०२ साली स्थापन झालेली ही संस्था. तिच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी मागच्या कपाटातून अरुंद, उभ्या नकाशांच्या पट्ट्या एकेक करून काढल्या, क्रमानं लावल्या आणि वरून तार घालून त्यांची वही केली. मग हायलाइटर घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आमचा रस्ता रंगवत गेल्या. रस्त्याचं काम चालू होतं तिथं त्यांनी शिक्का मारला. सासऱ्यांनी ती वही सबंध प्रवासभर स्वतःच्या हातात ठेवली, पान उलटायचं काम कुणाला दिलं नाही. तो नकाशा आमच्यासाठी त्या दिवशी बनला होता. त्यावरचे शिक्के त्या महिन्याचे होते. इतका ताजा नकाशा मला त्यानंतर बारा वर्षं तरी मिळाला नाही.

गाडीतल्या पेटीची गोष्ट मात्र आम्ही इथं यायच्या आधीच सुरू झाली होती. १९८१ साली होंडानं जपानमध्ये गाडीत गायरोस्कोप बसवून वाट दाखवायचा यत्न केला. त्यात नकाशा छापलेल्या पारदर्शक पानांचा होता आणि तो पडद्यावर हातानं लावायला लागायचा. मला जास्त जवळची वाटते ती १९८५ची कॅलिफोर्नियातली एटॅक ही पेटी. ती बनवणारे स्टॅन हनी मुळात शिडाच्या होडीचे वाटाडे. अटारी कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांची होडी त्यांनी १९८३ साली प्रशांत महासागरातल्या शर्यतीत पहिली आणली होती. मग बुशनेल यांनीच त्यांच्या कल्पनेला पैसे दिले. ‘एटॅक’ हा शब्द मायक्रोनेशियाच्या दर्यावर्दींचा. त्यांच्या हिशेबात होडी जागेवर असते आणि बेटं तिच्या बाजूनं सरकत मागं जातात. पेटीच्या हिरव्या पडद्यावर तसंच दिसायचं. गाडीचा बाण मधोमध स्थिर, आणि रस्ते त्याच्याभोवती फिरताहेत. आजही फोनवर आपण तेच बघतो.

त्या पेटीत उपग्रह नव्हता. चाकं किती फिरली ते मोजणारे सेन्सर आणि एक होकायंत्र, एवढ्यावर ती गाडीची जागा ताडायची. गाडी वळली की जवळचं तसं वळण नकाशात शोधायची आणि बाणाला त्या रस्त्यावर आणून ठेवायची. म्हणजे चूक सुधारायची ती नकाशाच्या आधारानं. नकाशा असायचा कॅसेटवर. लॉस एंजेलिससारख्या महानगराला तीन-चार कॅसेट लागायच्या, शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना त्या बदलायच्या. किंमत चौदाशे डॉलरच्या आसपास. ती पेटी मोजक्याच लोकांनी घेतली, पण तिच्यासाठी तयार केलेला नकाशा टिकला. २००० साली एटॅक टेली ॲटलसकडे गेली आणि २००८ साली टेली ॲटलस टॉमटॉमनं घेतली. पेट्या जुन्या झाल्या, आतली मेहनत एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

उपग्रह सामान्य माणसाच्या वाट्याला आले त्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी सांगितलं की लष्करासाठी बांधली जात असलेली जीपीएस यंत्रणा पूर्ण झाली की नागरी वापरालाही खुली करू. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे चोवीस उपग्रह. त्यातले चार एका वेळी दिसले की जागा कळते. यंत्रणा १९९५ साली पूर्ण झाली. पण नागरिकांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवलेला असायचा, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. समुद्रात शंभर मीटरनं फारसं अडत नाही. आमच्याकडे तेवढ्यात पार्कवे आणि तिच्या कडेनं जाणारी घरांची गल्ली दोन्ही येतात, आणि गाडी कशावर आहे हेच पेटीला कळलं नाही तर ती काय सांगणार? १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी तो मुद्दामचा बिघाड बंद करायचा निर्णय जाहीर केला आणि त्याच मध्यरात्री तो बंद झाला. गाडीतल्या जीपीएसचा धंदा खऱ्या अर्थानं त्या रात्रीनंतरचा.

गार्मिन तोवर अकरा वर्षांची होती. गॅरी बरेल आणि मिन काओ यांनी १९८९ साली कॅन्ससमध्ये काढलेली कंपनी. नावही दोघांच्या नावांतून आलेलं, ‘गॅर’ आणि ‘मिन’. विमानं आणि होड्या हे त्यांचं मूळ गिऱ्हाईक. २००५ साली त्यांनी नुवी आणला, खिशात मावेल एवढा, सुरुवातीला नऊशे डॉलरच्या पुढे. तीन वर्षांत भाव इतके उतरले की २००८च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी पहाटे पाचला रांगेत उभं राहून यांनी आमचा २५५ डब्ल्यू दोनशे डॉलरच्या आत आणला. रस्त्यांची नावं बोलून दाखवणारा. आवाजाचं नाव जिल. वळण चुकलं की ती शांतपणे ‘रिकॅल्क्युलेटिंग’ म्हणायची आणि नवा रस्ता काढायची. जगहँडल तिला पाठ होते. “उजवीकडे राहा,” म्हणायची, आणि समोर डावीकडे दुकान दिसत असूनही आम्ही मुकाट्यानं उजवीकडे राहायचो. त्या तीन वर्षांत गाडीत आमचे रस्त्यावरून वाद झाले नाहीत. हे मला लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आधीच्या बारा वर्षांत ते पुष्कळ झाले होते.

त्या काळात जीपीएससाठी गाड्यांच्या काचा फुटायच्या. पेटी काढून ठेवली तरी चोखण्याचा गोल डाग काचेवर राहायचा, आणि तो बघून चोराला कळायचं की आत कुठं तरी जीपीएस आहे. पोलीस सांगायचे, डाग पुसून जा. यांना पार्किंगमध्ये उतरताना बाहीनं काच पुसायची सवयच लागली. आमच्या गल्लीत एकाची गाडी फुटली तेव्हा लेकानं पेटीला कुलूप लावलं. चार आकडी पिन टाकायचा आणि एक सुरक्षित जागा ठरवून ठेवायची. पिन आठवला नाही तर पेटी त्या जागेवर नेली की आपोआप उघडते. सोय फार चांगली होती. आमची सुरक्षित जागा म्हणजे आमचाच ड्राइव्ह-वे.

ऑक्टोबर २००९ला गूगलनं फोनवर वळणावळणाचा रस्ता सांगणारी सोय फुकट दिली. बातमी आली त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धाडकन खाली आले. घरात कुणाचा स्मार्टफोन नव्हता म्हणून आम्हाला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. उलट त्याच डिसेंबरात मी पेटी बॅगेत घालून साताऱ्याला नेली, धाकट्या भावाला द्यायला. अमेरिकेतून जाताना चांगली वस्तू न्यावी, एवढाच विचार.

पुण्याहून साताऱ्याला जाताना मी ती भावाच्या गाडीत लावली. चोखणा बसला, वायर बसली. मिनिटभरात उपग्रहही मिळाले, कारण ते काही अमेरिकेचं आकाश धरून बसलेले नाहीत. आणि पडद्यावर बाण आला. बाण सरकत होता, वेग बरोबर दाखवत होता, आणि भोवती काहीही नव्हतं. आतला नकाशा उत्तर अमेरिकेचा. शिरवळ गेलं, खंबाटकीचा घाट चढलो, घाटातल्या प्रत्येक वळणाला बाण इमानानं वळत होता, त्या कोऱ्या पडद्यावर. भाऊ हा रस्ता विशीपासून चालवतोय. त्यानं दोनदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, हिला बिचारीला कुणीच काही सांगितलेलं नाही.”

भारताचा नकाशा असलेल्या पेट्या तोवर आपल्याकडे मिळायला लागल्या होत्या. राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्यानं १९९५ साली दिल्लीत सुरू केलेली सीई इन्फो सिस्टिम्स, म्हणजेच मॅपमायइंडिया, २००७ पासून गाडीतले जीपीएस विकत होती. इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टनं २००४ साली सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशाही कार्डावर घालून गार्मिनमध्ये चालवता येतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर पेटी साताऱ्यातच राहिली असती. परतीला खंबाटकीच्या बोगद्यात बाणसुद्धा थांबला. मी वायर काढली आणि पेटी परत पर्समध्ये ठेवली.

२०११च्या वसंतात आमच्या घरात दोन अँड्रॉइड फोन आले. पेटी ग्लोव्ह बॉक्समध्येच राहायला लागली. नकाशा नवा करावा का, यावर मी महिनाभर विचार केला. एका वेळचा नवा नकाशा सत्तर डॉलरच्या आसपास, आणि दुकानात नवा जीपीएस शंभरला मिळत होता. म्हणून विकायचं ठरलं.

विकायच्या आधी मी आत साठवलेले पत्ते पुसले. ‘घर’ पुसलं. ब्रिजवॉटरचं देऊळ, नेवार्क विमानतळ टर्मिनल बी, दातांचे डॉक्टर, सात शाळांच्या व्यायामशाळा. एक पत्ता मैत्रिणीच्या नव्या टाउनहाउसचा होता. ती वसाहत नकाशात नव्हती, तिथं बाण शेवटची पाच मिनिटं शेतातून चालायचा. लेकाला ते आठवलं म्हणूनच त्यानं मला ती ओळ लिहायला लावली असणार.

दुपारी दोनला एक जोडपं आलं. मुलगा नाशिकचा, महिन्यापूर्वीच प्रोजेक्टवर आलेला, बायको त्याहून नंतर आलेली. प्लेन्सबरोला राहत होते आणि जुनी कोरोला घेऊन दोन आठवडे झाले होते. फोन साधा, प्रीपेड. मुलीनं पुठ्ठा वाचला आणि सरळ विचारलं, “काकू, २००९चा नकाशा म्हणजे नेमकं काय चुकेल?” इतका नेमका प्रश्न दिवसभरात कुणी विचारला नव्हता. मी तिला टाउनहाउसची गोष्ट सांगितली. म्हटलं, हमरस्ते आणि एक्झिट बहुतेक बरोबर सांगेल, नव्या वसाहतींत विश्वास ठेवू नका. मी पेटी चालू केली, ती उघडली, जिल बोलली. चाळीसचे मी तीस घेतले. कुकर तसाच दिला.

रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. पेटी पिन मागतेय.

मला दरदरून घाम फुटला. काल ती सहज उघडली होती, कारण ड्राइव्ह-वेवर होती. कुलूप काढायचं राहिलंच. पिन लेकाचा, आणि लेक त्याच सकाळी व्हरमाँटच्या डोंगरात मुलांच्या कॅम्पवर कामाला गेला होता, जिथं फोनला रेंज नव्हती. यांना विचारलं, यांनी चार अंदाज सांगितले, चारही चुकले. मुलगा म्हणाला, “असू द्या काकू, बघू नंतर.” मी म्हटलं, “अरे, नंतर नाही. आत्ता या. इथं आणली की ती उघडेल. जेवायलाच या.”

“पण काकू, काल आम्ही मित्राच्या गाडीमागून आलो होतो.”

“कागद घे,” मी म्हटलं. “रूट वन नॉर्थ धर आणि उजव्या लेनमध्येच राहा. डावीकडे वळायचंय, पण डाव्या लेनमध्ये जायचं नाही…” सगळे सिग्नल सांगितले. पेट्रोल पंप सांगितला. शेवटी सांगितलं, “रेल्वेचा पूल आला तर समज पुढे गेलास.”

पाऊण तासानं कोरोला आमच्या दारात उभी राहिली. मेपलच्या झाडाखाली पेटीला आकाश दिसेना, म्हणून आम्ही ती काढून ड्राइव्ह-वेच्या टोकाशी नेली. मुलीनं ती दोन्ही हातांत तबकासारखी धरली. उपग्रहांच्या कांड्या एकेक करून वर आल्या, आणि चौथी भरल्यावर थोड्या वेळानं पिनचा पडदा गेला. यांनी सेटिंगमध्ये जाऊन कुलूप काढलं आणि दोनदा बंद-चालू करून पाहिलं. मुलानं ‘घर’ दाबून प्लेन्सबरोचा पत्ता भरला.

आमटी-भात झाला. निघताना साडेनऊ वाजले होते. जिलनं परतीचा रस्ता सांगायला सुरुवात केली तेव्हा मी खिडकीशी वाकून म्हटलं, “दुसऱ्या सिग्नलला तिचं ऐकू नका. ते वळण गेल्या वर्षी बंद केलंय, एक सिग्नल पुढे जा आणि मग वळा.” मुलीनं डॅशबोर्डवरून कालचा पुठ्ठा उचलला, आणि माझ्या ‘नकाशा २००९चा’ या ओळीखाली ते लिहून घेतलं.